शेवटाआधी उठणारा माणूस

खुनी सापडायच्या बेतात आला की भोईरकाका उठतात.

सिनेमा टीव्हीवर असो, कुणाच्या मोबाईलवर असो, नाहीतर सोसायटीच्या गणपतीत पडद्यावर असो. तोपर्यंत ते जागचे हलत नाहीत. मधे कुणी वेफर्सची पिशवी फाडली तर तिच्याकडे मारेकऱ्याकडे बघावं तसं बघतात. पण इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून एकेकाचं तोंड न्याहाळायला सुरुवात केली, की काका गुडघ्यांवर हात देऊन उठणार, पायानं चपला चाचपणार आणि चालू पडणार. आमच्या बिल्डिंगनं याचा सरळ अर्थ लावला होता. वय झालंय, बाथरूमला जावं लागत असेल. म्हणून गणपतीत काकांना कायम कडेची खुर्ची. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर त्यांना कसल्याशा काढ्याची बाटलीही आणून दिली. काकांनी ती निमूटपणे घेतली आणि गॅलरीतल्या जास्वंदीला घातली. जास्वंद पुढे फार दिवस टिकली नाही.

आम्ही बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये राहतो, काकांचं दार माझ्या दारासमोर. ते मूळचे सोनिवलीचे. घरची भातशेती होती. तिथं आता बिल्डिंगी आहेत आणि त्यातल्या एकीच्या पार्किंगमध्ये आपलं खळं होतं असं काका सांगतात. नोकरी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात केली. आता घरात ते आणि नर्मदाकाकू दोघंच. काकूंचे डोळे साखरेनं गेले. उजेड आणि अंधार एवढं कळतं, माणूस कळत नाही.

काका बोलायला लागले की दोन वाक्यं ठरलेली. एक, "संशय ठेव." दोन, "खुनी आपल्यातच आहे." लिफ्ट बंद पडली, "खुनी आपल्यातच आहे." कुणाचा पेपर गायब झाला, "खुनी आपल्यातच आहे." एकदा नगरपालिकेचा माणूस घरपट्टीचं बिल द्यायला आला, त्यालाही काकांनी दारातच हे वाक्य ऐकवलं. तो बिल टाकून जिन्यानं धावत गेला. नव्या भाडेकरूंना ते घाबरवतात असं नाही, पण नवे भाडेकरू घाबरतात.

माझं आणि त्यांचं जमलं ते भांडणातून. माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यांमध्ये युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत, त्यांवर बसून मी जेवले आणि त्यांवरूनच अक्षरं शिकले. 'धिक्कार' हा शब्द मला 'धडा'च्या आधी लिहिता येत होता. तेव्हा बिल्डिंगच्या पाण्यासाठी मी पत्रक काढणार हे ओघानंच आलं. टँकरवाल्यांची साखळी, पाणीपुरवठ्याचा ढिसाळ कारभार, सगळं लिहिलं आणि दाराखालून घरोघर सरकवलं. संध्याकाळी काका ते पत्रक चिमटीत धरून आले.

"पोरी, हे तू लिवलंस?"

"हो काका."

"पहिल्याच ओळीत खुनी सांगून टाकलास. 'टँकर लॉबीचा धिक्कार असो.' मग पुढचं कोण वाचील? मी पण नाय वाचलं."

मला राग आला. मी म्हटलं, "काका, हा पिक्चर नाही. जगात खुनी कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न त्याला धरणार कोण, हा आहे."

"मग ते शेवटाला लिही ना. आधी प्रेत दाखव. मग घरात कोण कोण होतं ते दाखव. माणसाला जरा संशय घेऊ दे. फुकट मिळालेला खुनी कुणालाच नको असतो गो."

मी त्यांना सस्पेन्स ही भरल्या पोटाची करमणूक कशी आहे ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे पण पहिल्या वाक्यात सांगून टाकलंस."

पुढचं पत्रक मी चिडून त्यांच्या पद्धतीनं लिहिलं. 'सोमवारी संध्याकाळी टाकी भरलेली होती. मंगळवारी सकाळी ती रिकामी होती. मधल्या वेळात बिल्डिंगमध्ये कोण जागं होतं?' टँकरवाल्यांचं नाव अगदी तळाला. दुसऱ्या दिवशी माझा चहा व्हायच्या आत आमचे सेक्रेटरी चौधरी दारात. घाम पुसत म्हणाले, "मॅडम, ती मोटर मी लावलेली नाही. फ्लॅट घेतला तेव्हापासून ती लाईनला आहे."

कुठली मोटर, हे बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

समोरच्या दारातून काकांचा आवाज आला, "चौधरीभाऊ, या, बसा. मी काय सांगतो कायम?"

तेव्हापासून मी त्यांच्याकडे चहाला जायला लागले, आणि तिथंच मला त्यांचा पिक्चर कळला. काकांनी सस्पेन्सवाले पिक्चर पुष्कळ बघितलेत, पण त्यांचा असा एकच. जुना, काळापांढरा. त्याचं नाव ते घेत नाहीत. "नाव घेतलं की तुम्ही पोरं मोबाईलवर शोधता आणि शेवट वाचून मोकळी होता." म्हणून मीही इथे नाव लिहीत नाही.

तळ्याकाठचा बंगला. मालक बुडून मरतो. घरात उरतात एक डॉक्टर, एक पुतण्या, घर सांभाळणारी बाई, नावाडी आणि मालकाची मुलगी. मालक गेल्यावर पहिल्यांदा सगळे चहाला बसतात तो प्रसंग काका करून दाखवतात. स्टीलच्या ट्रेमध्ये कप मांडतात. माणसं पाच. कप सहा.

"आता बघ. कुणी काय बोलतं का? नाय. कुणी ओरडतं का? नाय. कॅमेरा फक्त त्या सहाव्या कपावर. वाफ निघतेय. दुसरा कुणी डायरेक्टर असता तर त्यानं ढँण करून म्युझिक वाजवलं असतं, पडदा उडवला असता, मांजर टाकली असती. यानं काय केलं? कप ठेवला आणि गप बसला. भीती भुतात नसते पोरी. जास्तीच्या कपात असते."

मी त्या कपाकडे बघत बसले. बंगले, मालक, पुतणे यांच्याशी माझं काही घेणंदेणं नाही, तरी माझा चहा निवला.

"आणि पूर्ण पिक्चरभर हा माणूस तळं दाखवत नाय," काका म्हणाले. "तळ्याचं पाणी तेवढं ऐकू येतं. दार उघडलं की आवाज, बंद केलं की आवाज बंद. शेवटपर्यंत तळं दाखवत नाय! काय दाखवतो ते कुणीही बघतो. काय लपवून ठेवलंय ते बघायचं."

या सगळ्याची खरी प्रेक्षक मी नव्हते. रोज चहानंतर काका खिडकीशी काकूंच्या बाजूला खुर्ची ओढून बसत आणि तो पिक्चर सांगत. रोज थोडा थोडा. नावाड्याचा आवाज वेगळा, डॉक्टरचा वेगळा, दार करकरलं तर तेही तोंडानं. काकू मेथी निवडत ऐकायच्या आणि मधूनच हटकायच्या. "अहो, काल पुतण्या जिन्यावर होता, आज बागेत कसा गेला?" काका ओशाळून पुतण्याला जिन्यावर आणून ठेवायचे. असं करत करत गोष्ट शेवटाला यायची. सगळे तळ्याकडे निघालेत, कंदील हातात आहे, काकांचा आवाज खाली उतरलाय, आणि काकूंचा हात वर व्हायचा.

"पुरे. शेवट थेटरात."

काका थांबायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

मला वाटलं हा नवराबायकोचा खेळ आहे. एकदा मी हसून तसं म्हटलं, तर काकूंनी काकांच्या देखतच सगळं सांगितलं. मेथीवरचे हातही थांबले नाहीत.

"लग्नाला वरीस पण झालं नव्हतं. उल्हासनगरच्या थेटरात मॅटिनीला हा लागला होता. हे म्हणायचे ओव्हरटाईम हाय. मी कपडे धुवायला काढले तर खिशात तिकिटाचे तुकडे. एकदा नाय, तीनदा! म्हटलं मला पण न्या. तर म्हणतात, 'पुढल्या रविवारी नेतो. तोवर तुला पिक्चर सांगतो.' सांगितला. मी म्हटलं, शेवट नका सांगू, शेवट थेटरात बघीन."

"मग?"

"मग काय गो. भाताची लावणी आली. सासूबाई पडल्या. पोर झाली. पुढल्या रविवारी, पुढल्या रविवारी. थेटर बंद पडलं, तिथं फर्निचरवाला आला. मग डोळे गेले."

"टीव्हीवर बघायचा ना काकू. कॅसेटी आल्या होत्या मधे."

"घरात बघायचा? घरात तर मी रोजच हाय."

काका ट्रेमधले कप एकात एक ठेवत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हापासून मी पण कुठल्याच पिक्चरचा शेवट बघत नाय. हिनं बघितला नाय तर..." आणि वाक्य तिथंच सोडून ते कप विसळायला गेले.

मी पेटले. मला काकांचा राग आला, थेटरात एकट्यानं जाणाऱ्या तमाम नवऱ्यांचा आला, 'पुढल्या रविवारी' या शब्दांचा आला. माझ्या डोक्यात मथळासुद्धा तयार झाला होता. पण पत्रकानं हे सुटणारं नव्हतं, म्हणून मी थेटर काढायचं ठरवलं.

तळमजल्यावरचा सोसायटीचा हॉल मागितला. मोटर प्रकरणापासून चौधरी मला कशालाच नाही म्हणत नाहीत. त्या पिक्चरची जुनी, ओरखड्यांची का होईना, प्रत मी शोधून काढली. प्रोजेक्टर उल्हासनगरच्या बाजारातून भाड्यानं आणला. दुकानदार म्हणाला, "भाड्याने काय नेते बेटी, घेऊनच जा. ओरिजिनलपेक्षा ओरिजिनल आहे." खिडक्यांना जाड चादरी लावल्या. वेळ रविवार दुपारची, मॅटिनी.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "हिला विचार," एवढंच म्हणाले.

काकूंनी नीट चौकशी केली. "अंधार असेल?"

"पूर्ण."

"खुर्च्या ओळीनं?"

"ओळीनं."

"इंटरवल?"

"आहे काकू, वडापाव पण आहे."

"मग येते."

रविवारी काकू जरीकाठाची साडी नेसून, गजरा माळून आल्या. काकांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. कडेची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली होती, पण काकूंना मधे बसायचं होतं. थेटरात आलोय तर कडेला कशाला?

पिक्चर सुरू झाला तसे काका काकूंच्या कानाशी कुजबुजायला लागले. पुढच्या रांगेतून "शूऽऽ" आलं. काकांनी आवाज आणखी उतरवला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की शू करणाऱ्यांच्याच माना तिरक्या झाल्यात. पडद्यावर ओरखडे इतके की डॉक्टर कुठला आणि पुतण्या कुठला समजत नव्हतं, आणि मागून काकांचा आवाज सगळं लख्ख करत होता. "आता ती वळली. हात पदराखाली. पदराखाली काय हाय ते दाखवत नाय." चहाचा प्रसंग आला. ट्रे आला. काका काहीच बोलले नाहीत. आख्खा हॉल गप्प झाला, आणि त्या शांततेत काकू पुटपुटल्या, "सहावा कप."

चौधरी खुर्चीत दचकले.

इंटरव्हल झाला, वडापाव झाले, पिक्चर उताराला लागला. सगळे कंदील घेऊन तळ्याकडे निघाले. काकांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठले. बिल्डिंगनं सवयीनं पाय आखडून त्यांना वाट दिली.

"कुठं चाललात?" काकू म्हणाल्या. "बसा. थेटरातच हाओत ना?"

काका उभेच राहिले. मग बसले.

त्या पिक्चरच्या शेवटच्या प्रसंगात एकही संवाद नाही. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असायला हवं होतं. वल्ह्याचा आवाज. चुबुक, चुबुक. पहिल्यांदाच तळं दिसतं. नाव काठाला लागते, कंदील वर होतो, आणि पाण्यात एका चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. पाण्यातच. वर कॅमेरा जात नाही. मग 'समाप्त'. कुणी कुणाचं नाव घेत नाही. डोळे नसलेल्या माणसाला तिथं वल्ह्याखेरीज काहीही मिळत नाही.

हॉलमध्ये एकदम श्वास ओढल्याचा आवाज झाला.

"कोण?" काकूंनी विचारलं.

काका बोलेनात. पडद्याच्या उजेडात त्यांचे ओठ हलताना दिसत होते. इतकी वर्षं नावाड्याचा, डॉक्टरचा, दाराचा आवाज काढणारा माणूस, आणि एक नाव त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

"अहो, कोण? डॉक्टर ना? मला पहिल्यापासून वाटत होतं, डॉक्टरच."

खुनी कोण ते मी लिहिणार नाही, पण डॉक्टर नव्हता.

"हो," काका म्हणाले. "डॉक्टर. बरोबर ओळखलंस."

आमची बिल्डिंग पाण्याच्या टाकीपासून पार्किंगच्या पट्ट्यांपर्यंत कशावरही एकमतानं बोललेली मला आठवत नाही. मीटिंगमध्ये 'सर्वांना नमस्कार' म्हटलं तरी कुणीतरी हरकत घेतं. आणि त्या दिवशी हॉलभर माणसं पडद्याकडे बघत बसली, कुणी चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा. खरं ते छापायचं आणि दाराखालून सरकवायचं, हे ज्या घरात शिकले त्या घरची मी, ओठ दाबून बसले. शेवटी चौधरी घसा खाकरून म्हणाले, "मला तर डॉक्टर आल्या आल्याच कळलं होतं. बॅग बघितली ना त्याची?"

काका चादरी काढायला मागे थांबले. काकूंना मी जिन्यानं वर नेलं. लिफ्ट बंद होती. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा कठड्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्या दम घ्यायला थांबल्या.

"खोटं बोलले ना?"

मी त्यांच्या साडीची निरी सावरायला वाकले.

"मला ठावं हाय गो कोण ते. थोरल्या जाऊबाई ह्यांच्या दादांबरोबर जाऊन बघून आल्या होत्या. लावणी चालू होती, चिखलात उभ्या राहून त्यांनी सगळा सांगितला, शेवटासकट. मी नको म्हणायच्या आत."

"म्हणजे तेव्हापासून तुम्हाला..."

"तेव्हापासून."

"मग आज डॉक्टर कशाला म्हणालात?"

"खरं नाव घेतलं असतं तर ह्यांना कळलं असतं, मला ठावं होतं म्हणून. मग इतकं रोज सांगत बसले ते फुकट गेलं, असं वाटलं असतं." त्यांनी गजरा चाचपला. तो सुकला होता. "आणि शेवट मागितला असता तर सांगून मोकळे झाले असते गो. मग चहानंतर कशाला बसले असते माझ्याजवळ? सगळा जन्म बाहेरच होता त्यांचा. डोळे गेले तेव्हा कुठं बाजूला येऊन बसले." वरच्या पायरीवर पाय ठेवताना त्या म्हणाल्या, "आता काय सांगतील?"

थेटर माझीच आयडिया.

दुसऱ्या दिवशी चहानंतर समोरच्या घरातून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकूंनी रेडिओ लावला होता, बाजारभाव चालू होते. काका दारात उभे राहून जिन्याकडे बघायचे. लिफ्ट पुन्हा बंद पडली, तरी त्यांनी कुणावर संशय घेतला नाही. मी नवं पत्रक दाखवायला गेले तर न वाचताच म्हणाले, "चांगलं झालंय." इतकं वाईट मला त्यांच्या शिव्यांनीही वाटलं नसतं.

त्या आठवड्याच्या अखेरीला मी कामावरून लवकर आले. समोरचं दार उघडं होतं, मी माझंही उघडलं. रेडिओ बंद होता. खिडकीशी काकांनी खुर्ची ओढलेली होती आणि ते बोलत होते, पण कुठल्या पात्राच्या आवाजात नाही. मला वाटलं, पुन्हा पहिल्यापासून लावलाय. पण त्यात तळं नव्हतं की बंगला नव्हता.

"कारखान्यात अर्धा दिवस सांगून निघालो. गेटवर मुकादम भेटला, त्याला म्हटलं बायको आजारी हाय."

"माझं नाव सांगितलंत?"

"तुझंच. उल्हासनगरला उतरून चालत गेलो. ऊन मरणाचं. थेटरात पंखे होते, पण फिरत नव्हते. मी मधल्या ओळीत बसलो. सहावा कप आला, भीती वाटली, तेव्हा बाजूला वळून काहीतरी बोलायला गेलो."

"कोण होतं बाजूला?"

"कोण असणार? मॅटिनीला माणसं कुठं असतात. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या."

काकूंनी हातातली मेथी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आणि दुसऱ्या वेळी गेलात तेव्हा?"

मी हळूच माझं दार लावून घेतलं.